गोड शॅम्पेनला नाकं मुरडण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत शॅम्पेनवर पानभर लेख आला होता तो वाचला, चांगला होता, फोटो तर मस्तच, पण शेवटी शेवटी त्यात एक वाक्य टाकलंय की खरी शॅम्पेन म्हणजे ब्रूटच, म्हणजे अगदी कमी साखरेची, गोड शॅम्पेन ही नवशिक्यांसाठी. ते वाचून राहवलं नाही म्हणून हे पत्र. लांबलंय याची कल्पना आहे, काटछाट करायची तर खुशाल करा, फक्त आकडे कापू नका एवढी विनंती, कारण सगळी गंमत आकड्यांतच आहे.

पहिली गोष्ट, गोड शॅम्पेन ही काही हल्ली कुणी नवख्या गिऱ्हाईकासाठी काढलेली सोय नाही. उलट आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या शॅम्पेन भागातल्या रीम्स आणि एपर्नेहून जो माल बाहेर जायचा तो बहुतेक सगळा गोडच असायचा, आणि गोड म्हणजे आज आपल्याला वाटतं तेवढा नाही, भयंकर गोड. ज्या देशाची जशी जीभ तशी साखर. इंग्लंडला जाणाऱ्या मालात सगळ्यात कमी, म्हणजे लिटरला साधारण २२ ते ६६ ग्रॅम, अमेरिकेला ११० ते १६५, खुद्द फ्रान्समध्ये १६५ ते २००, आणि रशियाचं तर विचारूच नका, २५० पासून पार ३३० ग्रॅमपर्यंत. कोलाच्या बाटलीत लिटरला शंभर-एकशेदहा ग्रॅम साखर असते, तिच्या जवळपास तिप्पट हिशोब झाला हा. आणि आजची ब्रूट म्हणजे १२ ग्रॅमच्या आत. तेव्हा खरी कोणती आणि खोटी कोणती हे ठरवायचंच असेल तर वयाने मोठी कोण ते आधी बघा की.

आता ही साखर येते कुठून, तर द्राक्षातून नाही. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. शॅम्पेनची वाइन बाटलीत दुसऱ्यांदा आंबवतात, तिथे घातलेली साखर यीस्ट सगळी खाऊन टाकतं, त्यातून तो सहा वातावरणांचा दाब तयार होतो, आणि आतली वाइन पार कोरडी, म्हणजे बिनगोडीची, होते. मग मेलेल्या यीस्टचा गाळ बाटलीच्या मानेत आणायचा, मान गोठवायची, बूच उघडलं की गोठलेला गाळ दाबाने फटकन बाहेर उडतो, आणि रिकाम्या झालेल्या जागेत वाइनमध्ये विरघळवलेला साखरेचा पाक घालायचा आणि कायमचं बूच मारायचं. या शेवटच्या भरीला दोसाज म्हणतात. बाटली ब्रूट होणार की गोड होणार ते या शेवटच्या काही सेकंदांत ठरतं.

हिशोब करून बघा म्हणजे पटेल. पाक लिटरला ७५० ग्रॅम साखरेचा आहे असं धरा. ८ ग्रॅमची ब्रूट करायची तर पाऊण लिटरच्या बाटलीत ६ ग्रॅम साखर, म्हणजे फक्त ८ मिली पाक, दीड चमचा. ६० ग्रॅमची करायची तर ६० मिली. आणि रशियावाली ३०० ग्रॅमची करायची तर ३०० मिली पाक, म्हणजे बाटलीचा चाळीस टक्के भाग पाकच! तो मावावा म्हणून आधी तेवढी वाइन काढून टाकायला लागणार. म्हणून मी असंही म्हणत नाहीये की जुनं ते सगळं सोनं. एवढ्या पाकाखाली काय वाट्टेल ते झाकता येतं आणि तसं झाकलंही जायचं, थंड वर्षातली न पिकलेली आंबट द्राक्षं असली तरी साखर घातली की माल खपला. गोड शॅम्पेनचं नाव जे खराब झालं ते काही उगाच नाही झालं.

पण दुसरी बाजूही ऐका. २०१० च्या उन्हाळ्यात बाल्टिक समुद्रात, फिनलंडच्या ऑलंड बेटांजवळ, पाणबुड्यांना साधारण ५० मीटर खोलीवर एक बुडालेलं जहाज सापडलं, आणि त्यात १६८ बाटल्या शॅम्पेनच्या. १८४० च्या आसपासचा माल. लेबलं केव्हाच पाण्यात गेली होती, पण बुचांवरच्या खुणांवरून कळलं की काही व्ह्यूव्ह क्लिकोच्या आहेत, काही हायडसिकच्या आणि बऱ्याचशा जुग्लार नावाच्या आता बंद पडलेल्या घराण्याच्या, म्हणजे शॅम्पेन करणाऱ्या कंपनीच्या. तिथे तळाशी अंधार, थंडी आणि एकसारखं तापमान, म्हणजे तळघरापेक्षाही बरी सोय. पुढे २०१५ मध्ये रीम्स विद्यापीठाच्या फिलिप जांदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातल्या काही बाटल्यांचं रासायनिक विश्लेषण छापलं, साखर निघाली लिटरला १४० ग्रॅमच्या वर, अल्कोहोल जेमतेम साडेनऊ टक्के. आजच्या शॅम्पेनमध्ये बारा-साडेबारा असतं. थंड हवामानात द्राक्षात साखर कमी भरायची आणि वरून एवढ्या पाकाची भर, मग अल्कोहोल कमी भरणारच.

यातला मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे चवीची नोंद. पहिल्यांदा ग्लासात ओतली तेव्हा चाखणाऱ्यांनी जे शब्द वापरले ते होते ओले केस, चीज, जनावराचा वास. म्हणजे कुणालाही वाटेल की संपलं, फेका. पण ग्लास थोडा फिरवला, हवा लागू दिली, तर मसाले, धूर, चामडं आणि मग फळं-फुलं अशी एकेक चव वर आली. पावणेदोनशे वर्षं समुद्राच्या तळाशी पडून! २०११ च्या लिलावात त्यातली क्लिकोची एक बाटली ३०,००० युरोला गेली, जुग्लारची २४,००० ला. आता ही चव एवढी वर्षं टिकली त्यात साखरेचा हात नव्हता असं कोण म्हणेल? साखर झाकते तशी सांभाळतेही, बूच मारल्यानंतर वर्षानुवर्षं साखर आणि अमिनो आम्लं एकमेकांशी हळूहळू खेळत राहतात आणि त्यातून ते मध, टोस्ट, करपत आलेल्या साखरेसारखे वास तयार होतात.

बरं आणखी एक, तो साठा रशियाकडे चालला होता असं सुरुवातीला सगळीकडे छापून आलं, पण साखरेचा आकडा बघितल्यावर शास्त्रज्ञांनाच शंका आली, कारण रशियाला जाणारा माल ३०० चा असायचा आणि हा त्याच्या निम्म्यावर. बाटलीतल्या साखरेवरून बाटली कुणाकडे निघाली होती याचा अंदाज बांधायचा, हे मला फार भारी वाटलं.

मग ही गोड शॅम्पेन गेली कुठे. थोडक्यात सांगतो कारण हा भाग तुमच्या लेखातही थोडा आलाय. इंग्रजांकडे जेवणानंतर प्यायला पोर्ट होती, शेरी होती, गोड वाइनला तोटा नव्हता, त्यांना हवी होती जेवणाआधी आणि जेवणाबरोबर चालणारी. पेरिये-जुए घराण्याची १८४६ ची शॅम्पेन साखर न घालता लंडनला पाठवली गेली तेव्हा ती कुणाला फारशी रुचली नाही म्हणतात, पण बी पडलं. मग मादाम पॉमरींची १८७४ ची ब्रूट आली आणि तिने बाजार फिरवला. क्लिकोचं ते पिवळं लेबल, जे आज सगळं जग ओळखतं, तेही १८७७ च्या सुमाराचं आणि मुळात कमी गोड मालाची खूण म्हणून लावलेलं. गोडवाल्यांचा सगळ्यात मोठा आधार होता रशिया. लुई रोदरेरची क्रिस्टाल १८७६ मध्ये झार दुसऱ्या अलेक्झांडरसाठी बनवली, पारदर्शक काच आणि सपाट बुडाची बाटली, आत काही लपवता येऊ नये म्हणून, आणि ती चांगली गोड होती, आजची क्रिस्टाल ब्रूट असते हे वेगळं सांगायला नको. १९१७ च्या क्रांतीत तो दरबार गेला आणि त्याबरोबर ते गिऱ्हाईकही गेलं. पण रशियनांची जीभ काही बदलली नाही, १९३० च्या दशकात सोव्हिएत सरकारने कारखान्यात टाक्यांमध्ये स्वतःची शॅम्पेन काढायला घेतली तीही जास्त करून गोड आणि निमगोडच.

आता मूळ मुद्द्यावर येतो, म्हणजे गोड शॅम्पेनचा माझा शोध. आजच्या नियमाप्रमाणे शॅम्पेनच्या बाटलीवर गोडीचा वर्ग लिहावाच लागतो. ब्रूट १२ ग्रॅमच्या आत, एक्स्ट्रा ड्राय १२ ते १७, सेक १७ ते ३२, डेमी-सेक ३२ ते ५०, आणि ५० च्या वर गेलं की दू. ही दू म्हणजे त्या जुन्या घराण्याचा शेवटचा वारस समजा, आणि हाच वर्ग आज जवळपास नाहीसा झालाय. दुकानात जाऊन विचारा. मी बरीच वर्षं विचारतोय, कुठेही गेलो की विचारतो, घरच्यांना याचा आता वैताग आलाय. ठरलेलं उत्तर मिळतं, सेल्समन हसतो, आत जातो आणि डेमी-सेक घेऊन येतो. त्याला सांगा की ही नाही, हिच्या वरची, तर तो म्हणतो हिच्या वरची नसतेच. एका बऱ्यापैकी नाव असलेल्या दुकानात तर गोड मागितल्यावर माझ्या हातात एक्स्ट्रा ड्राय ठेवली आणि वर ऐकवलं की हीच आमच्याकडची सगळ्यात गोड! १२ ते १७ ग्रॅम! ब्रूटपेक्षा गोड आहे हे खरं, आणि निदान तेवढं तरी त्याला माहीत होतं, कारण बहुतेक लोकांना एक्स्ट्रा ड्राय ही ब्रूटपेक्षा कोरडी वाटते, प्रोसेको ही इटलीची बुडबुड्यांची वाइन पिणारे निम्मे लोक याच गैरसमजात पीत असतात. पण तिला सगळ्यात गोड म्हणणं म्हणजे कहर झाला.

माझा भाचा तिकडे युरोपात नोकरीला आहे, त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा त्याला धरून रीम्सला गेलो. म्हटलं आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार, एकदा आडातच डोकावून बघू. रीम्सची ती खडूच्या दगडातली तळघरं बघण्यासारखी आहेत यात वाद नाही, रोमन काळात दगड काढायला खणलेले खड्डे, वरून अरुंद आणि खाली रुंद होत गेलेले, भिंतीला हात लावला की बोटाला पांढरी पूड आणि ओल लागते, आणि बाहेर कितीही ऊन असो आत दहा-अकरा डिग्रीच. मोठ्या घराण्यांच्या टूर व्यवस्थित असतात, मुली फार छान माहिती सांगतात. मी प्रत्येक ठिकाणी टूर संपली की हळूच विचारायचो, दू आहे का. पहिल्यांदा त्यांना वाटायचं माझा उच्चार चुकलाय. मग कळलं की हसायच्या. एकीने सांगितलं की आजोबांच्या काळात असेल. दुसऱ्या एका ठिकाणी एक वयस्क गृहस्थ होते, ते मात्र थांबले, त्यांनी नीट समजावून सांगितलं की का करत नाही, आणि ते कारण मला पटलं.

ते असं. एक तर मागणी नाही हे उघड आहे. दुसरं म्हणजे चांगली दू करणं हे ब्रूटपेक्षा सोपं नाही, अवघड आहे. साठ ग्रॅम साखर पेलायची तर खाली तेवढं आम्ल पाहिजे, नाहीतर नुसता पाक लागतो, आणि हवामान तापत चाललंय तशी द्राक्षं जास्त पिकतायत आणि आम्ल कमी होत चाललंय. पूर्वी आम्ल भरपूर होतं तेव्हा साखर घालायलाच लागायची, आता साखरेशिवायही वाइन तोंडाला बरी लागते म्हणून सगळ्यांचा ओढा दोसाज कमी करण्याकडे, जो तो शून्य ग्रॅमच्या मागे. तिसरं, साखर घातल्यावर ती वाइनमध्ये मुरायला वेळ लागतो. ब्रूटला बूच मारल्यावर काही महिने पुरतात, दूला त्यापेक्षा पुष्कळ जास्त, आणि तोवर माल अडकून पडणार. आणि चौथं त्यांनी आवाज खाली करून सांगितलं की अहो लोकांना वाटतं गोड म्हणजे उरलेला माल खपवलेला, मग सगळ्यात चांगली वाइन त्यात घालायला कोण तयार होईल. म्हणजे बघा, वाईट नाव आहे म्हणून चांगला माल घालत नाहीत आणि चांगला माल घालत नाहीत म्हणून वाईट नाव. आणि तुमच्या लेखातलं ते वाक्य याच चक्राला आणखी एक धक्का देतं, म्हणून एवढा लागलो मी.

भाचा म्हणाला, मामा आता पुरे, डेमी-सेक घे आणि चल. डेमी-सेकला मी वाईट म्हणणार नाही. पोल रोजे, बिलकार-साल्मों, लॉराँ-पेरिये यांच्या चांगल्या असतात, रोदरेरची कार्त ब्लांश आहे. पण ३५-४० ग्रॅमची डेमी-सेक आणि ६० ची दू यांत नुसता गोडीचा फरक नाहीये, पोतच वेगळा लागतो, ते पुढे सांगतो.

मोठ्या घराण्यांत काय सापडतं तेही सांगून टाकतो म्हणजे कुणी मला चुकीचं ठरवायला नको. व्ह्यूव्ह क्लिकोने २०१५ मध्ये रिच नावाची एक आणली, चकचकीत रुपेरी बाटली, साखर ६० ग्रॅम, म्हणजे हिशोबाने ती दूच झाली. पण ती बर्फ टाकून, वर काकडी, अननस नाहीतर ग्रेपफ्रूटची साल असलं काहीतरी घालून प्यायची म्हणून केलेली, कॉकटेलसाठी. मोएची आइस इंपीरियलही त्याच वळणाची, ती ४५ ग्रॅमची डेमी-सेक. बर्फात घालायला साखर जास्त लागते कारण बर्फ वितळून पाणी होणार, साधं गणित आहे. ज्याला आवडते त्याने प्यावी, माझी काही हरकत नाही, पण मी जी शोधत होतो ती ही नव्हे, मला अशी हवी होती जी एकटी, ग्लासात दुसरं काही न टाकता उभी राहील.

तसली करणारे आहेत, अगदी थोडे, आणि ते छोट्या उत्पादकांमध्ये आहेत, जे स्वतःची द्राक्षं पिकवतात आणि स्वतःच वाइन करतात. एपर्नेच्या दक्षिणेला कोत दे ब्लां नावाचा पट्टा आहे, शार्दोने या पांढऱ्या द्राक्षाचा मुलूख, त्यातल्या व्हर्तू गावात दोयार म्हणून घराणं आहे, त्यांची ला लिबर्टीन नावाची दू आहे, जुन्या काळच्या पद्धतीला मुजरा म्हणून केलेली. आणि पार दक्षिणेला ओब भागात, कूर्तरों गावात फ्लरी आहेत, शॅम्पेनमध्ये बायोडायनॅमिक, म्हणजे रसायनांशिवायची, शेती सुरू करणाऱ्यांत पहिले, १९८९ पासून, त्यांनी १९९५ च्या द्राक्षांची दू काढली होती, वर्ष घातलेली दू म्हणजे तर दुर्मीळातली दुर्मीळ. ही दोन नावं लिहून ठेवा, शोधायला सुरुवात इथून करा. दुकानदाराला नुसतं गोड शॅम्पेन द्या म्हणण्यापेक्षा उत्पादकाचं नाव सांगितलं की तो निदान कॅटलॉग तरी उघडतो.

मला अखेर मिळाली ती एका अगदी छोट्या दुकानात, मालकाने मागच्या खोलीतून आणली, बाटलीवर धूळ नव्हती पण लेबलचा कोपरा ओलीने उचलला होता. मी आधी मागचं लेबल वाचलं. दोसाजचा आकडा छापलेला होता, साठच्या वर, आणि खाली गाळ काढल्याचा महिना आणि वर्ष, चार वर्षांपूर्वीचं. हीच खरी खूण. चार वर्षं म्हणजे साखर मुरलेली असणार. मालक म्हणाला की कुणी विचारतच नाही म्हणून मागे ठेवली होती, आणि त्याने ती विकताना जरा वेळच लावला, मला वाटतं त्याला ती द्यायची नव्हती.

आता चव. भाच्याच्या घरी फ्रीजमध्ये चांगली गार केली, साधारण सात-आठ डिग्री, ग्लास उभट फ्लूट न घेता पांढऱ्या वाइनचा पोटाचा घेतला. रंग ब्रूटपेक्षा गडद, जुन्या सोन्यावर जाणारा. बुडबुडे बारीक आणि जरा आळशी, जाड द्रवातून वर यायला वेळ घेणारे, आणि फेस कडेला बराच वेळ टिकून राहिला. वास भाजलेल्या बदामाचा, संत्र्याच्या मुरवलेल्या सालीचा, थोडा मधाचा. आणि पहिला घोट घेतला तर गोड लागलीच नाही! म्हणजे लागली, पण आधी आंबट लागली, लिंबासारखी सरळ जिभेच्या कडेला, मग मधोमध गोडी आली, जाडसर, आणि ती पसरायच्या आत बुडबुड्यांनी तिला उचललं आणि शेवटी परत आंबट आणि किंचित खारट, खडूची चव. तोंड चिकट झालं नाही. ब्रूटमध्ये आम्ल एकटं असतं, डेमी-सेकमध्ये बऱ्याचदा साखर आणि आम्ल शेजारी शेजारी बसलेले वाटतात, इथे ते एकमेकांत मुरले होते. पोताचा फरक म्हणालो तो हा. भाचा दिवसभर माझी चेष्टा करत होता, त्याने न विचारता दुसरा ग्लास ओतून घेतला.

बरोबर काय खावं यावर लोक म्हणतात केक. मला नाही पटत, केक वाइनपेक्षा गोड असला की वाइन पडते. रोकफोरसारखं निळं खारट चीज किंवा फ्वा ग्रा (बदकाचं किंवा हंसाचं यकृत), यांच्याबरोबर ही खुलते, फार तर फळांचं टार्ट, तेही कमी साखरेचं.

मध्ये एक सांगायचं राहिलं. दू मिळत नाही म्हटलं की प्रत्येक जण पर्याय सुचवतो, मोस्कातो दास्ती घ्या, ब्राकेत्तो घ्या. या वाइन छानच आहेत, इटलीतल्या पिएमाँतच्या, पाच-सहा टक्के अल्कोहोल, पण त्यांची गोडी द्राक्षाची स्वतःची, टाकीत आंबवताना मध्येच गार करून यीस्ट थांबवतात म्हणून साखर शिल्लक राहते. बुडबुडेही मऊ, दाब कमी. तो वेगळा प्रकार आहे, ताजेपणी प्यायचा, फुलांचा वास घेत. फ्रान्समध्येच हवी तर लिऑन आणि जिनिव्हाच्या मधल्या डोंगराळ भागातली ब्यूजे-सर्दों बघा, गुलाबी, गामे आणि पूल्सार द्राक्षांची, एकदाच आंबवलेली, सात-आठ टक्क्यांची, तीही सहजासहजी दिसत नाही आणि माझ्या मते उन्हाळ्याच्या दुपारी तिच्यासारखी दुसरी नाही. नाहीतर द्रोम खोऱ्यातली क्लेरेत दे दी, मस्कात द्राक्षाची. पण यातली एकही मुरलेल्या दूची जागा घेत नाही, कारण यात बाटलीतली ती वर्षानुवर्षांची गाळावरची झोप नाही.

शोधणाऱ्यांसाठी एक नवी सोय झालीय ती मात्र जरूर वापरा. डिसेंबर २०२३ नंतर तयार झालेल्या वाइनवर युरोपात पोषणमूल्यं देणं सक्तीचं झालंय, बऱ्याच बाटल्यांवर त्यासाठी क्यूआर कोड असतो, तो स्कॅन केला की १०० मिलीत साखर किती ते दिसतं. दहाने गुणा, लिटरचा आकडा आला. ५० च्या वर असेल तर दू. शॅम्पेन तळघरात बरीच वर्षं राहते त्यामुळे दुकानातल्या अनेक बाटल्या अजून जुन्या नियमातल्या असतील, त्यांच्यावर मागचं लेबल वाचा, चांगले छोटे उत्पादक दोसाज आणि गाळ काढल्याची तारीख आपणहून छापतात. ज्याने दोन्ही छापलं नाही त्याची गोड बाटली मी तरी घेत नाही. आणि मिळालीच तर लगेच उघडू नका, गाळ काढून वर्षही झालं नसेल तर अंधारात आडवी ठेवून द्या, अजून दोन-तीन वर्षांनी काढा, साखर आणि वाइन वेगवेगळी लागायची थांबलेली असेल.

संपादक साहेब, पुरवणीत पुढच्या वेळी कुठल्याही शॅम्पेनबद्दल लिहाल तेव्हा नावाशेजारी ग्रॅमचा आकडा तेवढा छापा, एका ओळीत मावतो. आणि तुमच्या वाचकांपैकी कुणी कुठे दू पाहिली असेल, जुनी किंवा नवी, तर त्यांना कळवायला सांगा, उत्पादकाचं नाव, दोसाज आणि गाळ काढल्याची तारीख एवढं पुरे. डेमी-सेकबद्दल कळवू नका म्हणावं, ती मला दुकानदार रोज दाखवतात.

आपला,
एक जुना वाचक